एमएच १२ ची गाडी जीए ०३ करून घेताना : अनुभव आणि काही प्रश्न

नदीपलीकडे | २ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी आम्ही पुण्याहून पर्वरीला राहायला आलो. सामान टेम्पोने पाठवलं आणि आमची सहा वर्षांची पेट्रोल गाडी नवऱ्याने आणि मी आळीपाळीने चालवत आंबोलीतून आणली. घर लावणं, मुलीची शाळा, गॅसचं कनेक्शन ह्या सगळ्यात गाडीच्या नोंदणीचा विषय राहूनच गेला. फेब्रुवारीत इन्शुरन्स भरताना पत्ता बदलायला गेले, तेव्हा कळलं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७. म्हणजे हाताशी चारच महिने होते.

ओळखीत विचारलं तर दोनच उत्तरं मिळाली. 'कशाला करता, इथं बाहेरच्या नंबराच्या किती गाड्या फिरतात' हे एक, आणि 'एजंटला देऊन टाका' हे दुसरं. कुठला कागद कशासाठी लागतो हे मात्र कुणाला नीट सांगता येईना. म्हणून इथे लिहितेय. माझं काम अजून पूर्ण झालेलं नाही, त्यामुळे शेवटी प्रश्नही आहेत.

सुरुवात एनओसीपासून, म्हणजे ना-हरकत दाखल्यापासून. ही जुन्या आरटीओकडून घ्यायची, म्हणजे आमच्या बाबतीत पुण्याहून. नमुना २८, तीन प्रती. सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. गाडीवर एकही ई-चलान बाकी नको. आमच्या गाडीवर दोन निघाली, त्यातलं एक तर कधी लागलं ते आठवतही नव्हतं. ती ऑनलाइन भरली. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो, पण कागद कार्यालयात द्यावे लागले. कुणी गोव्याला यायच्या तयारीत असेल तर कळकळीने सांगते, निघायच्या आधीच एनओसी घेऊन ठेवा. आम्ही आधी आलो, म्हणून मला त्या एका कामासाठी दोनदा पुण्याला जावं लागलं.

दोनदा का, ते सांगते. पहिल्या वेळी घाई होती म्हणून एका एजंटकडे अर्ज दिला. 'गोव्यात कुठे?' असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पर्वरी, पणजीजवळ. त्याने नव्या कार्यालयाच्या जागी पणजी टाकलं आणि मी न वाचता सही केली. इथे आल्यावर कळलं की पर्वरी मांडवी ओलांडली की लगेच असली तरी ती बार्देश तालुक्यात येते, म्हणजे आमचं कार्यालय म्हापसा. एनओसीवर कार्यालयाचं नाव असतं आणि एका कार्यालयाच्या नावाची एनओसी दुसरीकडे चालत नाही. पहिली रद्द करून दुसरी घेण्यात पाच आठवडे गेले. तेव्हा आपलं गाव कुठल्या तालुक्यात आहे ते आधी बघा. पणजीच्या आसपास राहायला येणाऱ्या प्रत्येकाची ही चूक होऊ शकते.

चासी नंबरच्या ठशाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला ते कुठेच नीट सापडलं नाही. आमच्या गाडीत हा नंबर पुढच्या डाव्या सीटखाली आहे. गालिचा उचलला की प्लास्टिकची लहान झडप लागते. आत धूळ आणि वाळून कडक झालेला चिखल होता. जुन्या टूथब्रशने साफ केलं आणि कोरड्या फडक्याने पुसलं. नवऱ्याने पातळ कागद नंबरावर ताणून दोन्ही टोकांना धरला आणि मी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली. दाबलं की कागद फाटतो आणि पेन्सिल उभी धरली की अक्षरं तुटक येतात. तिसऱ्या कागदावर सतराही अक्षरं स्पष्ट उमटली. मग त्याच बैठकीत आणखी पाच ठसे काढून ठेवले, ते पुढे उपयोगी पडले.

आता दुसरी एनओसी हातात आहे, म्हापशाच्या नावाची. माझे प्रश्न असे :

भाडेकरार नवऱ्याच्या नावावर आहे आणि गाडी माझ्या, तर पत्त्याचा पुरावा म्हणून काय द्यावं? गाडी दाखवायला न्यावीच लागते का? आणि पुण्यात पंधरा वर्षांचा कर एकदम भरलेला असताना इथे पुन्हा का भरायचा?

---

फोंडेकार | २ मे, रात्री ११.०५

ताई, चांगला धागा काढलात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुमच्या आधारवर इथला पत्ता घालून घ्या, बाकीचं सोपं होईल. माझ्या मेहुणीचं असंच होतं. तिने नव्या पत्त्याचं आधार, नवऱ्याच्या नावाचा भाडेकरार आणि लग्नाचा दाखला असं तिन्ही जोडलं, काही अडलं नाही. शक्य असेल तर करार नवा करताना दोघांचीही नावं घाला.

ह्याच्यात बाहेरून आलेल्यांची नेहमी एक गल्लत होते. मामलेदाराकडचा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला वेगळा, तो सरकारी नोकरीला वगैरे लागतो. गाडीसाठी तुम्ही सध्या कुठे राहता एवढ्याचाच पुरावा हवा. तो पंधरा वर्षांचा दाखला आपल्याला मिळणार नाही ह्या भीतीने तीन वर्षं गाडी तशीच ठेवलेले लोक मला माहीत आहेत.

गाडी न्यावीच लागते. निरीक्षक चासी आणि इंजिन नंबर स्वतः पडताळून बघतो.

करावर उद्या लिहितो, तो विषय मोठा आहे.

---

दोडामार्ग_ते_मोपा | ३ मे, सकाळी ७.१५

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी दोडामार्गला राहतो आणि मोपा विमानतळावर कामाला जातो. गाडी एमएच ०७, रोज सकाळी गोव्यात आणि रात्री घरी. मागच्या महिन्यात नाक्यावर अडवून 'जीए नंबर का नाही' असं विचारलं. मला पण घ्यावा लागेल का? आमच्याकडची निदान पन्नास पोरं अशी रोज ये-जा करतात, सगळी घाबरलीत.

---

फोंडेकार | ३ मे, सकाळी १०.३०

नाही लागणार. कलम ४७ मध्ये शब्द आहे तो गाडी दुसऱ्या राज्यात 'ठेवल्याचा'. तुमची गाडी रोज रात्री दोडामार्गला तुमच्या अंगणात असते आणि तुमचं घरही तिथेच आहे. गोव्याच्या रस्त्यावरून ती चालते म्हणून ती गोव्यात ठेवलेली होत नाही. कलम ४६ प्रमाणे एका राज्यातली नोंदणी सगळ्या देशात चालते. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि लायसन एवढं जवळ ठेवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागदही चालतात. २०१८ मध्ये केंद्राने नियमात बदल करून त्याला मान्यता दिली आहे. अडवलं तर शांतपणे राहतं घर कुठे ते सांगा, जमल्यास घरपट्टीची पावती किंवा रेशनकार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. घाबरू नका.

आता कर. ताई, तुमचा राग मी समजू शकतो, पण पुण्याने तुमच्याकडून देशाचा कर घेतलेला नाही, महाराष्ट्राचा घेतलाय. वाहनांवरचा कर हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे, सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ५७ वी नोंद. गोव्याचा त्यासाठीचा कायदा १९७४ चा आहे, गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हापासूनचा. त्यामुळे इथे नोंदणी झाली की इथला कर लागतो. गाडी जुनी असेल त्या प्रमाणात तो कमी होतो. उलट पुण्यात पंधरा वर्षांचा भरून ठेवलाय, त्यातल्या उरलेल्या वर्षांच्या हिशेबाने परतावा मागता येतो. तो तुमच्या हक्काचा पैसा आहे. बहुतेक लोक तो मागतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. नोंदणीची फी मोटारीला ६०० रुपये. मोठा आकडा आहे तो कराचा, आणि अडचण ही की आधी इथे भरायचा आणि परतावा नंतर. तेवढी सोय करून ठेवा.

---

काळीनदी | ३ मे, दुपारी १.५०

मी कारवारहून मडगावला आलेय, गाडी केए ३०. माझ्या गाडीवर कर्ज आहे, म्हणून कर्जवाल्यांसाठी लिहिते. एनओसी हा शब्द दोन कागदांना वापरतात आणि त्यात माणूस फसतो. बँकेची एनओसी वेगळी, आरटीओची वेगळी. कर्ज चालू असेल तर आधी बँकेकडून गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही असं पत्र घ्यायचं. नमुना २८ वर बँकेच्या सही-शिक्क्याची जागा असते. तो शिक्का नसताना मी अर्ज घेऊन गेले आणि परत आले. बँकेला सांगताना 'लोन क्लोजरची नको, इंटर-स्टेट ट्रान्सफरची हवी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते भलताच फॉर्म देतात. नवीन आरसी आली की तिची प्रत बँकेला द्यायची, कारण तारण त्यांच्याकडे आहे आणि नंबर बदललाय.

एनओसी द्यायला कार्यालयाला कायद्याने तीस दिवस आहेत. तेवढ्यात होकार-नकार काहीच कळवलं नाही तर ती दिल्यासारखीच धरतात, कलम ४८. पण माझ्या मते त्या तरतुदीवर विसंबून गाडी घेऊन येऊ नये. इथल्या संगणकावर एनओसी दिसली नाही तर पुढचा अर्ज भरता येत नाही. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.

---

जुना_स्वार | ३ मे, रात्री ८.२०

सगळं वाचलं. माझी गाडी तेरा वर्षांची आहे, कोल्हापूरची, एमएच ०९. मी निवृत्त होऊन डिचोलीला मुलीकडे आलो. नवा नंबर घेतला की नोंदणीची पंधरा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात असं एकाने सांगितलं. तसं असेल तर लगेच करतो.

---

फोंडेकार | ३ मे, रात्री ८.५५

तसं नाही काका. नंबर बदलला तरी मोजणी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासूनच. म्हणजे तुमची दोन वर्षं उरली, मग तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण. खाजगी मोटारीला त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आहे. पण गाडी आणि तुम्ही कायमचे डिचोलीत असाल तर नोंदणी इथे आणणं बरं. दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी ह्या वयात कोल्हापूरला खेपा घालण्यापेक्षा ते काम घराजवळ झालेलं चांगलं. लायसनची काळजी करू नका, ते देशभर चालतं.

---

पेडण्याचो_पाऊस | ४ मे, सकाळी ९.१०

सावंतवाडीहून सेकंड हँड गाडी घेतली त्याचा अनुभव. इथे दोन कामं एकत्र येतात, मालक बदलणं आणि राज्य बदलणं. एनओसी विकणाऱ्याने काढून द्यायची, तीही घेणाऱ्याच्या नावासह. नमुना २९ आणि ३० वर त्याच्या सह्या आधीच घ्यायच्या. विकणाऱ्याला दुसऱ्या राज्यात गाडी दिल्याचं कळवायला ४५ दिवस असतात आणि घेणाऱ्याला ३०.

मी पैसे पूर्ण देऊन गाडी आणली आणि एनओसी नंतर येईल ह्या भरवशावर राहिलो. त्या गाडीवर आधीची चलानं होती, त्याने ती भरली नाहीत, फोन उचलेना. सात महिने गाडी दारात उभी. शेवटी चलानं मीच भरली. तेव्हा दादांनो आणि ताईंनो, एनओसी हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. सावंतवाडी, बांदा, कुडाळ हे सगळं आपलंच, पाहुणेरावळे तिकडचे, म्हणून आपण कागदाला आग्रह धरत नाही. मी धरला नाही आणि माझ्या आईला दर आठवड्याला फोंड्याच्या डॉक्टरकडे भाड्याच्या गाडीने न्यावं लागलं.

---

नदीपलीकडे | ४ मे, दुपारी ३.००

@पेडण्याचो_पाऊस, वाचून वाईट वाटलं. आई आता बऱ्या आहेत ना?

@फोंडेकार, फार आभार. परताव्याचं मला खरंच माहीत नव्हतं. कराबद्दलचा माझा राग पूर्ण गेला नाही, पण आता तो इथल्या कार्यालयावर नाही. हा हिशेब दोन राज्यांनी आपसात केला असता तर माणसाला आधी इथे हजारो रुपये भरून मग तिथे मागायला जावं लागलं नसतं. संगणकावर सगळं एकच आहे, वाहन प्रणाली दोन्हीकडे तीच.

---

फिरती_नोकरी | ४ मे, संध्याकाळी ६.४०

ह्याच कारणासाठी बीएच (भारत) मालिका आली ना, राज्य बदललं तरी तोच नंबर चालणारी? सप्टेंबर २०२१ पासून. केंद्र-राज्य सरकारी नोकर, सैन्यातले, आणि खाजगीत चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांचे लोक तो नंबर घेऊ शकतात. कर दोन-दोन वर्षांचा. माझी बदली वास्कोला झाली तेव्हा काहीच करावं लागलं नाही. आधी साधा नंबर असलेली गाडीही आता बीएचमध्ये नेता येते. ज्यांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते त्यांनी जरूर विचार करावा. दोन वर्षांचा कर भरायची तारीख चुकवू नका, त्याला दंड आहे.

---

नदीपलीकडे | ४ मे, रात्री ९.१५

आम्ही इथे कायमचे आलो आहोत, शिवाय नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय आहे, त्यामुळे आमच्यासाठी ते नाही. पण माहिती चांगली आहे.

---

आसगावचे_शेत | ५ मे, सकाळी ८.०५

मी इथलाच आहे, आणि एक गोष्ट मनापासून लिहितो, कुणी वाईट वाटून घेऊ नये. बाहेरच्या नंबरावर आमच्याकडे लोकांचा डोळा असतो त्याचं कारण तुमच्यासारखी कुटुंबं नाहीत. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, तिचा परवाना असतो, त्यावर कुणाचं तरी घर चालतं. काही लोक बाहेरून खाजगी गाड्या आणून इथे वर्षानुवर्षं तशाच भाड्याने देतात. अपघात झाला की इन्शुरन्स हात वर करतो आणि ज्याला लागलं तो रस्त्यावर येतो. आमच्या वाड्यावर हे घडलंय. त्यामुळे कुणी नवीन शेजारी स्वतःहून जीए नंबर घेतो तेव्हा आम्हाला बरं वाटतं. तो इथे राहायला आलाय असं वाटतं.

---

नदीपलीकडे | १४ जून, संध्याकाळी ७.३०

मंडळी, काम झालं. उशिरा लिहितेय, पण सविस्तर लिहिते.

म्हापशाला नमुना २७ भरला, म्हणजे नवीन नोंदणी क्रमांकासाठीचा अर्ज. त्याबरोबर एनओसी, मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आधार, भाडेकरार, लग्नाचा दाखला आणि चासीचा ठसा. आधारवरचा पत्ता बदलून आला होता, त्यामुळे काउंटरवर पाच मिनिटांत कागद घेतले. पर्वरीचा पत्ता आणि म्हापशाच्या नावाची एनओसी असं जुळलेलं बघून तिथल्या बाई म्हणाल्या, 'पणजीची घेऊन येणारे फार असतात.'

गाडी दाखवायचा दिवस पावसाचा निघाला. रांगेत आमच्या पुढे चार गाड्या होत्या. निरीक्षक एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन प्रत्येक गाडीपाशी येत होते. आमच्या गाडीपाशी आले, मी गालिचा उचलून झडप उघडली. त्यांनी टॉर्च मारून सतरा अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली आणि मी कागदावर बोट ठेवून पडताळत गेले. एका अक्षरावर थांबले, आठ की बी असं दिसत होतं. मी पिशवीतून दुसरा ठसा काढून दिला, त्यात बी स्पष्ट होता. म्हणून परत सांगते, ठसे जास्त काढून ठेवा. त्यांनी मग बॉनेट उघडून इंजिन नंबर पाहिला, दिवे, हॉर्न आणि वायपर चालतात का ते पाहिलं आणि सही केली. कुणी जादा पैसे मागितले नाहीत, हेही नोंदवते.

कर भरल्यावर नंबर मिळाला. त्यानंतरची कामं कुणी सांगत नाही, ती अशी. नव्या नंबराची सुरक्षा पाटी बसवून घ्यायची, जुनी काढून. इन्शुरन्सवर नवा नंबर चढवून घ्यायचा, त्याच दिवशी, कारण अपघात झाला आणि पॉलिसीवर जुना नंबर असला तर त्रास होतो. नो क्लेम बोनस जात नाही. फास्टॅग जुन्या नंबरावर असतो, आमच्या बँकेने तो बंद करून नवा दिला. पीयूसीही नव्या नंबराची काढली.

आता परतावा. त्यासाठी नव्या आरसीची प्रत, इथल्या कराची पावती, एनओसीची प्रत, पुण्याची मूळ कराची पावती आणि रद्द केलेला चेक असं पाकीट तयार केलंय. पुण्याची पावती सहा वर्षांपूर्वीची, ती वडिलांनी गाडीच्या पहिल्या सर्व्हिसच्या कागदांबरोबर जपून ठेवली होती. पुढच्या आठवड्यात आईला भेटायला जातेय तेव्हा स्वतः जाऊन देईन आणि पोच घेईन.

@जुना_स्वार काका, तुम्ही अर्ज केलात का? डिचोलीला पावसात गाडी उघड्यावर असेल तर चासी नंबराच्या जागी गंज आला आहे का ते आधी बघा. असला तर पॉलिश पेपरने अजिबात घासू नका, अक्षरं झिजतात आणि मग फार मोठं काम होऊन बसतं. थोडं खोबरेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने पुसा.

---

जुना_स्वार | १५ जून, सकाळी ६.५०

गंज आहे थोडा. काल रात्री खोबरेल लावलं. कोल्हापूरच्या एनओसीचा अर्ज पुतण्याने दिला आहे, कार्यालयाचं नाव मी स्वतः दोनदा वाचून मगच सही केली. डिचोलीच लिहिलंय.